खान्देशातली सरकारी मानसोपचार आणि व्यसनमुक्ती सेवा: औषध चांगलं, पाठपुरावा कच्चा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मनाच्या आजारावर आणि दारूच्या व्यसनावर सरकारी उपचार मिळतात. मुख्य रुग्णालयात तपासणारा डॉक्टर मानसोपचार शिकलेला असतो, औषधं फुकट किंवा नाममात्र खर्चात मिळतात, आणि दारू सोडताना भरती व्हायची सोयही असते. इथल्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. आजार हाताबाहेर जाईपर्यंत भगत, बडवा, दर्गा, मग शेजारच्या गावातला सलाईन लावणारा डॉक्टर अशी वाट चालली जाते आणि तेवढ्यात शेतावर कर्ज चढतं. म्हणून उणिवा मोजण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: पहिली भेट सरकारी रुग्णालयातच द्या. निदान नीट होतं, पहिली चिठ्ठी बहुतेक वेळा बरोबर असते.

सेवा विस्कटते ती नंतर. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात औषध संपलेलं असतं, डॉक्टर बदललेला असतो, डॉक्टरांच्या चमूची तालुक्याला ठरलेली भेट रद्द झालेली असते, आणि रुग्णाला जरा बरं वाटायला लागल्यामुळे घरच्यांचीही निकड कमी झालेली असते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा दारूचं अवलंबित्व या आजारांत तिसरा महिना पहिल्या दिवसापेक्षा जास्त महत्त्वाचा असतो. या सेवेची खरी परीक्षा तिथेच होते, आणि तिथे ती कमी पडते.

कुठे जायचं

राज्याची जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. खान्देशात एकही नाही. पण 'वेड्यांचं हॉस्पिटल इथे नाही' म्हणून थांबायचं कारण नाही. बहुसंख्य रुग्णांना मनोरुग्णालयाची गरजच नसते. त्यांच्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग १९९६ पासूनचा. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता आणि मानसोपचाराची परिचारिका असा चमू धरलेला आहे. कागदावर तो पूर्ण असतो. प्रत्यक्षात यातलं एखादं पद रिकामं असतं किंवा कंत्राटावर असतं, आणि कंत्राट संपलं की समुपदेशनाची खोली कुलूपबंद राहते.

जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आलं, पण लोक अजून 'सिव्हिल'च म्हणतात. मानसोपचाराची ओपीडी तिथेच. नंदुरबारचंही तसंच, महाविद्यालय २०२० चं. धुळ्यात मात्र गोंधळ होतो. शहरातलं जुनं सिव्हिल आणि चक्करबर्डीचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. खेड्यावरून आलेला माणूस रिक्षावाल्याला 'सिव्हिल' म्हणतो आणि भलत्याच दारात उतरतो. तिथून निघून केस पेपरच्या रांगेत उभं राहीपर्यंत खिडकी बंद होत आलेली असते. रिक्षात बसतानाच 'चक्करबर्डी, मेडिकल कॉलेज' असं स्पष्ट सांगा.

जिल्ह्याची हद्द ओपीडीला आड येत नाही. अमळनेर आणि पारोळ्याच्या लोकांना जळगावपेक्षा धुळं जवळ पडतं, चाळीसगावहून धुळ्याला रेल्वे आहे. जिथे महिन्याला जाणं जमेल तेच ठिकाण निवडा. मोठ्या नावापेक्षा परतीची एसटी महत्त्वाची. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या लोकांकडे असा पर्यायच नाही. धडगावहून घाट उतरून नंदुरबार गाठायचं म्हणजे अख्खा दिवस आणि एक मजुरी गेली. सेवा त्यांच्या दारात जाणं ज्या भागात सगळ्यात गरजेचं, त्याच भागात ती सगळ्यात विरळ आहे.

पैशांचं थोडक्यात: सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे येतात, तिथे केस पेपरला आणि काही तपासण्यांना थोडे पैसे पडतात.

पहिल्या भेटीची तयारी

रुग्णासोबत रोज एका घरात राहणारं माणूस हवं. गाडी आहे म्हणून सोबत आलेला चुलतभाऊ 'झोप किती, जेवण किती, कधीपासून' याचं उत्तर देऊ शकत नाही. सोबत जुने सगळे कागद, घरात असलेल्या गोळ्यांची रिकामी-भरलेली पाकिटं, आणि रक्तदाब, साखर, थायरॉईड यापैकी काही असेल तर त्याचे रिपोर्ट घ्या. आधार कार्ड घ्या, १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) काढलेला असेल तर तोही. पुढच्या वेळी जुनी नोंद सापडायला त्याची मदत होते.

नव्या रुग्णाची मुलाखत निवांत अर्धा तास तरी चालायला हवी. गर्दीच्या दिवशी ती पाच-सात मिनिटांत उरकते. म्हणून घरीच एका कागदावर लिहून न्या: त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला, आधी झोप बिघडली की वागणं, कानात आवाज येतात का, कुणावर संशय घेतो का, मरणाचं बोलतो का, किती दारू आणि कधीपासून, घरात आणखी कुणाला असा आजार होता का, आधी कोणत्या औषधाने फरक पडला आणि कोणत्याने त्रास झाला. एवढा कागद समोर ठेवला की पाच मिनिटांतही डॉक्टर कामाच्या प्रश्नावर येतो.

भाषेचा अडसर मोठा आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. अहिराणीत 'जीव घाबरस', 'झोपज येत नही' असं सांगणारी बाई आधी ईसीजीला पाठवली जाते. ईसीजी चांगला आला की बी-कॉम्प्लेक्स आणि ॲसिडिटीची गोळी देऊन परत. नैराश्य आणि चिंतेचे कितीतरी रुग्ण असे वर्षानुवर्षं मेडिसिनच्या ओपीडीत फिरत राहतात. ईसीजी आणि रक्ततपासणी स्वच्छ असूनही छातीत धडधड, अंगदुखी, थकवा महिनाभर टिकला, तर तिथल्याच डॉक्टरला 'मानसोपचार विभागाकडे लिहून द्या' असं म्हणा. अशी चिठ्ठी आतल्या आत मिळते. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्यांसाठी दुभाष्या म्हणून बहुतेक वेळा नातेवाईक किंवा आशाताई असते. ती चार वाक्यांचं एक वाक्य करून सांगते, आणि नवऱ्याच्या मारहाणीचा भाग नेमका गळतो. सासरचं माणूस दुभाषी असेल तर रुग्णाशी काही वेळ एकट्याने बोलण्याची विनंती करा. परिचारिकेला सांगितलं तरी चालतं.

समुपदेशकाकडे प्रश्नावली भरून घेतली जाते. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची पीएचक्यू-९. दारूसाठी दहा प्रश्नांची, ० ते ४० गुणांची ऑडिट. ऑडिटमध्ये ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं घातक समजतात, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरतात. आकडा विचारून केस पेपरवर लिहून घ्या. तीन महिन्यांनी डॉक्टर बदलला तर सुधारणा मोजायला तोच एक आधार उरतो.

औषधं: सेवेची जमेची बाजू

रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल, फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम, अमिट्रिप्टिलिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, लिथियम ही रोजच्या कामाची औषधं सरकारी साठ्यात येणारी आहेत आणि गुणाने ती बाजारातल्या महाग ब्रँडचंच काम करतात. 'सरकारी गोळी सौम्य असते' हा समज खोटा आहे. गोळी लागू पडत नाही असं वाटतं त्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात. नैराश्याच्या औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक दहाव्या दिवशी बंद करतात. दुसरं, बरं वाटल्यावर बंद करतात. नैराश्यात बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने, आणि मनोविकृतीच्या (भास, संशय, भ्रम) पहिल्या झटक्यानंतर किमान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. हे वाक्य पहिल्याच दिवशी रुग्णाच्या घरच्यांना सांगितलं गेलं पाहिजे. खिडकीवर गोळ्या मोजून देणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

साठा संपतो तेव्हा तीन प्रकार होतात. 'बाहेरून घ्या' म्हणून चिठ्ठी. किंवा त्याच गटातली दुसरी गोळी. किंवा महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या. पहिल्यात जनऔषधी केंद्र गाठा, त्यासाठी चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत हवं. दुसऱ्यात सावध राहा: रंग बदललेली गोळी पाहून घरचे दोन्ही सुरू ठेवतात किंवा दोन्ही बंद करतात. 'ही जुनीच्या ऐवजी आहे की जुनीसोबत?' एवढं विचारल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण सात दिवसांच्या गोळ्यांसाठी कुणी शंभर किलोमीटर दुसऱ्यांदा येत नाही.

आता उन्हाळ्याचं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि याच दिवसांत लिथियमवरचे (बहुतेक बायपोलरचे) रुग्ण बिघडतात. घाम आणि कमी पाणी यामुळे शरीरातलं मीठ-पाणी घटतं, मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी वाढते. सुरक्षित पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं असतं. त्यात भर पडते ती अंगदुखीवरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांची. केळीच्या बागेत राबणारा माणूस त्या किराणा दुकानातूनही घेतो, आणि त्या लिथियमची पातळी आणखी वाढवतात. हात जास्त थरथरणं, जुलाब, उलटी, चालताना झोक जाणं, बोलणं जड होणं यापैकी काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यावी. मार्च संपण्याआधी लिथियमची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घेणं हा खान्देशातल्या प्रत्येक मानसोपचार ओपीडीचा ठरलेला नियम असायला हवा. रुग्णाने मागितल्याशिवाय ही तपासणी सहसा लिहिली जात नाही, म्हणून मागा.

मनोविकृतीच्या औषधांमुळे येणारा ताठरपणा आणि थरथर कमी करायला जोडीला देतात त्या ट्रायहेक्सीफेनिडिल या गोळीने घाम कमी येतो, त्यामुळे भर दुपारी कापूस-केळीच्या कामात उष्माघाताचा धोका वाढतो. ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढते. सुरू करताना आणि तीन महिन्यांनी वजन, कंबर आणि साखर मोजायची. आणि व्हॅल्प्रोएट: ज्या मुलीला किंवा बाईला मूल होऊ शकतं तिला हे औषध देताना गर्भाला होणाऱ्या अपायाबद्दल बोललंच गेलं पाहिजे. लग्न ठरलं असेल तर ते लपवू नका, डॉक्टरला सांगा. दुसरं औषध निवडता येतं. स्वतःहून बंद मात्र करू नका.

तालुक्याची भेट आणि उसतोड

चमू महिन्यातून ठरलेल्या दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतो. कल्पना उत्तम आहे. पण गाडी नाही, डॉक्टर शिबिराला गेले, दिव्यांग प्रमाणपत्राचा दिवस त्याच तारखेला आला, अशा कारणांनी भेट चुकते आणि फलकावर तारीख तशीच राहते. निघण्याआधी आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला फोन करून 'आज मनोविकार तज्ज्ञ येणार आहेत ना' हे विचारा.

नंदुरबार आणि साक्री-शिरपूरच्या पश्चिम-उत्तर भागातले हजारो लोक दिवाळीनंतर गुजरातेत आणि इतरत्र उसतोडीला, बांधकामाला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. चार-पाच महिन्यांची ही गैरहजेरी सगळ्यांना ठाऊक असते, पण औषध मात्र तीस दिवसांचंच मिळतं. जाण्याआधीच्या भेटीत स्पष्ट सांगा की कुठे आणि किती महिन्यांसाठी निघालो. जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. मूळ नावं, मात्रा आणि निदान लिहिलेला कागद मागा, म्हणजे सुरत किंवा बारडोलीच्या सरकारी दवाखान्यात तोच उपचार चालू राहील. रोज गोळी देणारं माणूस सोबत जाणार नसेल तर मनोविकृतीवरचं, फ्लुफेनाझिनसारखं दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन योग्य आहे का, ते विचारा. ज्या घरात गोळ्या चुकतात तिथे हे इंजेक्शन आजार थोपवून धरतं.

दारू: भरती चांगली, नंतर कुणी नाही

रोज हातभट्टी, मोहाची किंवा देशी पिणाऱ्याने अचानक थांबणं धोक्याचं असतं. श्रावण पाळायचा म्हणून, माळ घातली म्हणून किंवा घरच्यांनी कोंडलं म्हणून पिणं एका दिवसात बंद होतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप, छातीची धडधड. याच वेळी घरचे 'बाहेरची बाधा' समजून भगताकडे नेतात, आणि हीच वेळ जीव जायची असते. आधी कधी दारू सोडताना फिट आलेली असेल, रोज सकाळी उठल्यावर प्यावी लागत असेल, किंवा कावीळ, पोटात पाणी असेल, तर घरी सोडवायचा प्रयत्न करू नका. भरती करा.

सरकारी रुग्णालय या कामात खरोखर उपयोगी आहे. थरथर आणि फिट आवरणारं डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम ठरावीक मात्रेत सुरू करून आठवडा-दहा दिवसांत उतरवत नेतात. सोबत थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन. गावातला डॉक्टर इथे एक चूक वारंवार करतो: 'अशक्तपणा आहे' म्हणून ग्लुकोजची बाटली लावतो. दारूड्याच्या शरीरात थायमिनचा साठा आधीच रिता असतो. थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे फिरणं, तोल जाणं आणि पुढे कायमचा विसराळूपणा. सलाईन लावायचीच असेल तर आधी थायमिन दिलं का, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

भरतीसाठी स्वतंत्र व्यसनमुक्ती कक्ष नेहमीच नसतो. रुग्ण मेडिसिन वॉर्डात ठेवला जातो, शेजारी दम्याचा म्हातारा, आणि भ्रमात तो रात्री सलाईन उपटून निघून जातो. पहिले चार दिवस घरचं एक जागं माणूस पलंगाजवळ हवंच. मित्राला भेटायला येऊ देऊ नका. बाटली त्याच वाटेने आत येते.

दहाव्या दिवशी सुट्टी होते आणि इथे सेवा हात सोडते. शरीरातून दारू गेली, आजार राहिला. पुढच्या तीन महिन्यांत फोन करणारा, घरी येणारा, बायकोशी बोलणारा कुणी नसतो, आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा एखादं लग्न आलं की पुन्हा सुरू. पुन्हा सुरू झाली म्हणजे उपचार वाया गेला, असं घरच्यांनी समजू नये. या आजारात उलटणं नेहमीचं आहे, आणि दुसऱ्यांदा लवकर आणलं तर कमी दिवसांत सावरतं. सुट्टीच्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख एका आठवड्यातली मागा. ओढ कमी करणाऱ्या औषधांबद्दल विचारा: नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन. सगळी सगळीकडे साठ्यात नसतात, आणि यकृत-मूत्रपिंड पाहूनच निवडायची असतात.

डायसल्फिराम वेगळं. ते घेतलं असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या, छाती धडधडणं, रक्तदाब उतरणं, कधी जिवावर बेततं. शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. रुग्णाची पूर्ण संमती आणि समज असेल तरच ते द्यायचं औषध आहे. बाजारात 'न सांगता भाजीत कालवा' म्हणून ज्या पुड्या विकतात त्यांत हेच असू शकतं. नवऱ्याच्या जेवणात गुपचूप काहीही घालू नका. त्याला हृदयविकार असेल तर घरातच मृत्यू होऊ शकतो.

धुळ्याकडे तरुण पोरांत 'कुत्ता गोळी' म्हणून अल्प्राझोलाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळीचा नाद आहे, जोडीला कोडीन हा अफूजन्य घटक असलेलं खोकल्याचं औषध. अल्प्राझोलामही एकदम बंद केलं तर फिट येते. ते आठवड्यांच्या हिशेबाने उतरवावं लागतं. पोलिसांच्या भीतीने पालक पोराला आणत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४अ खाली, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. आणि डॉक्टरकडे व्यसन कबूल करणं हा गुन्हा नाही.

तंबाखूसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे. मशेरी लावणाऱ्या बायकांना कुणी विचारतच नाही, ही या सेवेतली मोठी फट. व्यसनी बाईसाठी तर वेगळी खाटही क्वचितच.

खासगी 'केंद्रा'त टाकण्याआधी

सरकारी खाट मिळाली नाही की लोक गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्राकडे वळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी जोडलेले मानसिक आजारही येतात, त्यामुळे अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. संमतीशिवाय भरती करायची तर कलम ८९ आहे: दोन जणांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासायला हवं, मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांसाठी सात दिवसांत पुनरावलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक. साखळदंड, जबरदस्तीने मुंडण, भूल न देता शॉक, हे सगळं बेकायदा. भेटू न देणारं आणि 'सहा महिने विसरा' म्हणणारं केंद्र कितीही स्वच्छ दिसलं तरी माणूस तिथे ठेवू नका.

फवारणीचं औषध प्यायल्यावर

अशा रुग्णाचा जीव वाचवायचं काम सरकारी अपघात विभाग झटून करतो. डबा किंवा बाटली सोबत न्या, त्यावरून विषाचा गट कळतो. पोलिसांना कळवणारी एमएलसी नोंद होतेच, पण तिच्या धास्तीने 'चुकून गेलं' असं सांगू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. अपुरेपणा इथेही पुढचाच: पोट धुतलं, विषावरचं ॲट्रोपिन दिलं, पाचव्या दिवशी सुट्टी, आणि मानसोपचार विभागाची पायरीही चढलेली नाही. सुट्टीआधी 'मानसोपचारतज्ज्ञांचा अभिप्राय' कागदावर मागा. घरी आल्यावर फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी, आणि पुढचे काही आठवडे माणूस एकटा नको.

मध्यरात्री बोलायला टेलिमानस आहे: १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, मोफत, मराठीत. समुपदेशक शांतपणे ऐकतात, गरज पडल्यास तज्ज्ञाला जोडून देतात. औषधाचा पुरवठा ते करू शकत नाहीत, आणि सातपुड्यात जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे या क्रमांकाचा उपयोग शून्य. १९३३ या क्रमांकाची 'मानस' हेल्पलाइन वेगळी. ती अमली पदार्थविरोधी विभागाची. व्यसनासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची हेल्पलाइन १४४४६.

दाद कुठे मागायची

जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सक. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रासाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. वैद्यकीय महाविद्यालयासाठी अधिष्ठाता. चुकीच्या टेबलावरचा अर्ज महिनाभर पडून राहतो. नुसतं 'औषध मिळत नाही' असं लिहू नका. औषधाचं नाव, तारीख आणि 'बाहेरून घ्या' लिहिलेल्या चिठ्ठीची प्रत जोडा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. त्यात गेल्या बारा महिन्यांतला रिस्पेरिडोन, लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि थायमिन इंजेक्शनचा महिनावार साठा, तालुक्यांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या भेटी, आणि चमूतली मंजूर व भरलेली पदं, एवढंच मागा. रुग्णांची नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.